एका खात्यात दहा ग्राहक: बचत नेमकी कुठे होते?

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या वेब डिझायनरांच्या गटांमध्ये एक सल्ला वारंवार फिरत असतो. त्याचा सारांश असा: दहा ग्राहकांसाठी दहा होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्यासाठी सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा) घेणे हा वेडेपणा आहे. एकच 'अनलिमिटेड' शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवरचे एक खाते, घ्यावे आणि सगळी संकेतस्थळे ॲडऑन डोमेन (त्याच खात्याला जोडलेली जादा नावे) म्हणून त्यातच ठेवावीत. डोमेन, म्हणजे संकेतस्थळांची नावे, स्वतःच्या नावावर नोंदवावेत, म्हणजे ग्राहक सोडून जात नाही. महागडे प्लगिन (संकेतस्थळाला जादा सोयी देणारे जोड-प्रोग्रॅम) 'जीपीएल क्लब'मधून, म्हणजे त्यांच्या प्रती स्वस्तात विकणाऱ्या तिऱ्हाइतांकडून, दोन-तीनशे रुपयांत घ्यावेत, बॅकअपची जबाबदारी होस्टिंग कंपनीवर सोडावी, आणि सगळे ऑटो-रिन्यूवर टाकून विसरून जावे.

यामागची तक्रार खरी आहे. दहा ठिकाणची लॉगिन सांभाळताना होणारा कालापव्यय कोणत्याही बिलात दिसत नाही, पण तो होतोच. मात्र हा उपाय वेळ वाचवण्याच्या नावाखाली ग्राहकाग्राहकांमधली भिंतच काढून टाकतो.

प्रथम 'अनलिमिटेड' या शब्दाविषयी. जागा अमर्याद असली तरी फाइलींच्या संख्येला, म्हणजे आयनोडना, बहुतेक योजनांत मर्यादा असते, आणि प्रोसेसर व मेमरीलाही असते. संकेतस्थळ चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीच्याच नुसत्या काही हजार फाइली होतात. त्यावर प्लगिन, थीम आणि प्रत्येक छायाचित्राच्या चार-पाच आकारांतल्या प्रती धरल्या, तर दहा संकेतस्थळांत ती मर्यादा कधी गाठली जाते हे कळतही नाही. शिवाय जाहिरातीतला दर बहुधा पहिल्या मुदतीपुरता असतो, म्हणून तुलना नूतनीकरणाच्या दराशीच करावी.

खरा धोका याहून खोल आहे. एका शेअर्ड खात्यातली सर्व संकेतस्थळे सर्व्हरच्या दृष्टीने एकाच वापरकर्त्याची असतात आणि त्यांचा पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती) कोड सहसा त्याच वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतो. त्यामुळे एखाद्या केटररच्या संकेतस्थळावरील जुन्या फॉर्म-प्लगिनमधून कोणी आत शिरला, तर शेजारच्या फोल्डरमधल्या दंतवैद्याच्या फाइली वाचायला आणि बदलायला त्याला दुसरे कुलूप तोडावे लागत नाही. डेटाबेसचा पासवर्ड तर प्रत्येक वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये उघडाच लिहिलेला असतो. एक संकेतस्थळ स्वच्छ करावे आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये राहिलेल्या फाइलीने ते पुन्हा दूषित करावे, हा खेळ मी स्वतः एका ग्राहकासाठी तीन रात्री खेळलो आहे. त्या वेळेचे पैसे अर्थातच कोणी दिले नाहीत. आणि संसर्ग झालेल्या संकेतस्थळावरून स्पॅम जाऊ लागला की होस्टिंग कंपनी एक फोल्डर नव्हे, पूर्ण खाते निलंबित करते. ज्या नऊ ग्राहकांचा काही दोष नाही त्यांनाही मग सकाळी फोन करून कारण सांगावे लागते.

मग दहा स्वतंत्र होस्टिंगच घ्यावी लागतात का? नाही. रीसेलर योजनेत, म्हणजे होस्टिंग घाऊक घेऊन पुढे ग्राहकांना देण्याच्या योजनेत, प्रत्येक ग्राहकाला स्वतःचे वेगळे खाते मिळते आणि आपल्याला ती सगळी एका पॅनेलवरून पाहता येतात. होस्टिंग खाती सांभाळण्याचे सॉफ्टवेअर असलेल्या सीपॅनेलने सप्टेंबर २०१९ पासून परवान्याचे शुल्क खात्यांच्या संख्येवर ठरवायला सुरुवात केल्यापासून या योजना पूर्वीइतक्या स्वस्त राहिलेल्या नाहीत हे मान्य. तरीही दहा ग्राहकांत विभागल्यावर तो खर्च प्रत्येकाच्या वार्षिक बिलात मावतो. अद्ययावतीकरणासाठी मेनडब्ल्यूपी या अनेक वर्डप्रेस एकत्र सांभाळणाऱ्या साधनाचा मूळ प्लगिन विनामूल्य आहे: एका स्वतंत्र वर्डप्रेसवर डॅशबोर्ड ठेवायचा, प्रत्येक ग्राहकाच्या संकेतस्थळावर छोटा जोड-प्लगिन बसवायचा, आणि सगळ्यांचे अपडेट एका पडद्यावरून करायचे. हा डॅशबोर्ड म्हणजे सर्वांच्या घरांच्या किल्ल्यांचा जुडगा असल्याने तो ग्राहकांच्या खात्यांपासून दूर आणि दुहेरी पडताळणीसह ठेवावा. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी तर आता पैसे मोजण्याचे कारणच उरलेले नाही. लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रे डिसेंबर २०१५ पासून सर्वांना खुली आहेत. ज्या ग्राहकाचे संकेतस्थळ चार-पाच पानांचे असून वर्षात एकदाच बदलते, त्याला मुळात वर्डप्रेस तरी कशाला हवे? साधी स्थिर पाने क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंग सेवेच्या मोफत योजनेत ठेवता येतात. तशाच व्हर्सेल या सेवेची मोफत हॉबी योजना मात्र व्यावसायिक कामासाठी नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

डोमेन स्वतःच्या नावावर ठेवण्याचा सल्ला मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो. ज्याच्या नावावर नोंदणी, तोच डोमेनचा धारक. दुकानाची पाटी ग्राहकाची, तिच्यासाठी पैसे त्याने दिलेले, आणि मालकीच्या नोंदीत नाव डिझायनरचे, ही व्यवस्था वाद झाल्यावर कोणालाच सोयीची ठरत नाही. डिझायनर आजारी पडला किंवा त्याने व्यवसाय सोडला, तर ग्राहकाची ईमेलसुद्धा अडकते. नोंदणी ग्राहकाच्या नावावर व ईमेलवर करून आपण फक्त डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जाते त्याच्या नोंदी) सांभाळण्याचा अधिकार घ्यावा. ग्राहक टिकवण्यासाठी त्याचा डोमेन अडवून धरावा लागत असेल, तर तो आधीच गेलेला आहे.

जीपीएल क्लबबाबत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखालचा कोड पुन्हा वाटणे बेकायदेशीर नाही. अडचण अशी की या प्रतीबरोबर अधिकृत परवाना-किल्ली नसते, म्हणून सुरक्षेची दुरुस्ती आपोआप येत नाही, आणि मधल्या हाताने त्यात काय घातले हे फाइल उघडून ओळीओळीने वाचल्याशिवाय कळत नाही. अनेक संकेतस्थळांसाठीचा एकच अधिकृत परवाना घेऊन त्याचा खर्च वाटून घेणे हिशेबाने फारसे महाग पडत नाही.

बॅकअप कंपनीवर सोडू नये, कारण खाते निलंबित झाले की त्यातला बॅकअपही हाती लागेलच असे नाही. अपड्राफ्टप्लस या बॅकअप-प्लगिनची मोफत आवृत्ती थेट ग्राहकाच्याच गुगल ड्राइव्हवर प्रत पाठवू शकते. ती प्रत वर्षातून एकदा रिकाम्या जागी उभी करून पाहावी.

राहिले ऑटो-रिन्यू. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडकपणे लागू झाल्यावर परदेशी कंपन्यांकडची भारतीय कार्डांवरची अनेक स्वयंचलित देयके नाकारली जाऊ लागली. ओटीपीशिवाय चालणाऱ्या रकमेची तेव्हा ५,००० रुपये असलेली मर्यादा जून २०२२ मध्ये १५,००० रुपये करण्यात आली, पण त्यासाठीही आधी नोंदवलेला ई-मँडेट (खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची पूर्वसंमती) लागतो, आणि तो प्रत्येक परदेशी कंपनी स्वीकारतेच असे नाही. म्हणून दहाही डोमेनच्या मुदतीच्या तारखा एका तक्त्यात लिहून ठेवाव्यात आणि प्रत्येकाचे बिल ग्राहकाला मुदतीच्या दोन महिने आधी पाठवावे.