‘हातवारे बंद करा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला

रविवारी सकाळी दादाकडे गेले, तर आई दादाच्या लेकीपुढे, चिऊपुढे, संत्र्याची फोड धरून बसलेली. हात पुरणार नाही इतक्या लांब. “आधी ‘दे’ म्हण.” चिऊनं दोन्ही हातांची बोटं जुळवून एकमेकांवर टेकवली. तिच्या भाषेत याचा अर्थ ‘अजून’. आईनं तिचे हात धरून खाली केले. पुन्हा बोटं जुळली, पुन्हा हात खाली. तिसऱ्यांदा पोरीनं हात उचललेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसली.

चिऊ साडेतीन वर्षांची. तिला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त. तोंडानं समजतील असे चार शब्द येतात, हातानं वीसेक.

“अवं, हातानंच सारं मिळते तं तोंडानं कायले बोलन ते?” असं म्हणून आईनं मोबाइल पुढे केला. नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेले ‘पाच रामबाण नियम’: हातवारे बंद करा, सहाव्या महिन्यापासून जिभेवर वेखंड-मध घासा, घरात एकच भाषा बोला, पाच वर्षांपर्यंत डॉक्टरकडे धावू नका, मोबाइल देऊ नका. खाली ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’. पोहोचलं बाप्पा, आजीपर्यंतही पोहोचलं.

हातवाऱ्यांचंच आधी बोलते, कारण माझ्या डोळ्यांदेखत त्या पोरीचा शब्द हिसकावला गेला. मेसेज म्हणतो, हातानं काम भागलं की मूल आळशी होतं. मग आपण दहा महिन्यांच्या बाळाला ‘बाप्पाला जेजे कर’, ‘टाटा कर’ का शिकवतो? त्यानं कोणाचं पोट्टं मुकं राहिलं? सगळीच लेकरं बोलण्याआधी बोट दाखवतात, हात पसरतात. चिऊचा हा टप्पा लांबलाय, एवढंच. डाउन सिंड्रोमच्या मुलांना बहुधा बोलता येतं त्यापेक्षा समजतं जास्त. तोंडाचे स्नायू सैल असतात, आवाज एकापुढे एक जुळवणं अवघड जातं, ऐकलेलं लक्षात राहण्यापेक्षा पाहिलेलं चांगलं राहतं. डोक्यात ‘अजून’ तयार आहे, तोंडातून निघत नाही, हातातून निघतं. यात आळस कुठून आला?

मिलर, लाइट आणि श्लोसर या तीन अभ्यासकांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं. विकासात अडचणी असलेल्या मुलामाणसांना खुणा किंवा चित्रं शिकवली, तर त्यांचं बोलणं कमी होतं का? ज्या २७ जणांची नोंद नीट ठेवली होती, त्यांच्यापैकी एकाचंही बोलणं घटलं नाही. ८९ टक्के जणांचं वाढलं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं. वाढ फार मोठी नव्हती, हेही त्यांनीच लिहिलंय. पण घटलं कोणाचंच नाही.

एक मान्य करते, नाइलाजानं. मोठी माणसंच गप्प राहून नुसते हात हलवायला लागली, तर लेकराच्या कानावर शब्द पडणार नाही. म्हणून खूण नेहमी बोलता बोलता करायची. वहिनी ‘अजून?’ म्हणते, बोटं टेकवते आणि मग थांबते. मनात दहापर्यंत मोजते. हे थांबणं आम्हा बाकीच्यांना जमत नाही, आम्ही तिसऱ्या आकड्याला फोड देऊन मोकळे. वहिनी थांबते तेव्हा आठ-नऊच्या सुमारास कधीकधी ‘ऊन’ असं येतं. बोटं जुळलेलीच असतात, सोबत आवाज येतो.

आता वेखंड. जीभ मोठी असते म्हणून घासायची, हे म्हणणं अर्धं खरं आहे. या मुलांचं तोंड लहान आणि स्नायू सैल, म्हणून जीभ मोठी वाटते. पण घासून स्नायू घट्ट होत नाहीत. वेखंडातल्या बीटा-असारोन या अपायकारक घटकामुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. आणि सहाव्या महिन्यात मध? वर्षाच्या आत मध देऊच नये, त्यातल्या जिवाणूंमुळे बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. घरचा उपाय म्हणून पाठवणाऱ्यानं एवढं तरी बघायचं होतं.

एकच भाषा? नागपुरात? घरात मराठी, भाजीवाल्याशी हिंदी, यातून चिऊला बाजूला कुठं काढणार? कॅनडातल्या २००५ च्या एका अभ्यासात डाउन सिंड्रोमची दोन भाषांतली मुलं एका भाषेतल्या मुलांच्या मागे पडली नव्हती. पुढे चला.

मोबाइल देऊ नका, हे बरोबर. मोबाइलवरूनच आलं, तरी बरोबर.

पाच वर्षं थांबा, याचा मात्र मला संताप येतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यानुसार डाउन सिंड्रोमच्या ७५ टक्के मुलांना कधी ना कधी ऐकण्याची अडचण येते. ५० ते ७० टक्क्यांना मधल्या कानाचा त्रास होतो, बऱ्याचदा पडद्यामागे पाणी साचतं. कानाची नळी अरुंद, म्हणून वरवर बघून दिसत नाही. तपासणी पहिल्या सहा महिन्यांतच सुरू करायची असते आणि पुन्हा पुन्हा करायची असते. गेल्या पावसाळ्यात चिऊ हाकेला वळेना. एका दवाखान्यात ‘या मुलांचं असंच असतं’ म्हणून परत पाठवलं. दोन महिन्यांनी दुसरीकडे दाखवलं, दोन्ही कानांत पाणी. ते दोन महिने आम्ही तिच्याशी पाण्याआडून बोलत होतो.

पैशाची अडचण असेल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याच्या आजारांच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे, अठरा वर्षांपर्यंत तपासणी-उपचार मोफत. अंगणवाडीत त्यांचं पथक येतं, त्यांना विचारा.

आईशी त्या दिवशी भांडले नाही. चिऊजवळ बसले, बोटं टेकवली, ‘अजून’ म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आजीच्या हातातल्या फोडीकडे. हात काही उचलले नाहीत.