चिंगी रुसलेली नव्हती

"घरात कधी न मुतणारं कुत्रं अचानक मुतायला लागलं, तर समजा ते तुमच्यावर रुसलंय." असा सुरू होणारा, पाच मुद्द्यांचा मेसेज मे महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला. मी सोडून दिला. अमळनेरच्या मावशीने सोडला नाही. फोन केला तर कळलं, तिची कुत्री चिंगी घरात मुतायला लागलीय, म्हणून तिचं पाण्याचं भांडं दुपारी चारनंतर माळ्यावर जातं. बाहेर ४४ अंश. का गं, तर म्हणे, "मेसेजमा असंच लिखेल शे ना!"

कुत्रं सूड म्हणून मुततं, हा त्यातला पहिला शोध. मावसांना साखर निघाली त्या वर्षी तेही रात्री चार-चारदा उठायचे. ते काय मावशीवर रुसून?

पण खरा घात पाणी तोडण्यात आहे. असल्या आजारांत कुत्रं जास्त पितं म्हणून जास्त मुतत नाही. जास्त मुततं म्हणून जास्त पितं. रक्तातली साखर फार वाढली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. मूत्रपिंडं थकली असतील तर लघवी घट्ट करायची ताकदच राहत नाही. भांडं उचललं म्हणून लघवी थांबत नाही, जनावर आतून सुकतं. चिंगी रात्री मोरीतली बादली चाटायची. मावशीला वाटलं, खोड्या करते. जनावरांचे डॉक्टर जगभर वापरतात त्या मर्क व्हेटरिनरी मॅन्युअलमध्ये सरळ हिशेब आहे: दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिपेक्षा जास्त पाणी जात असेल तर काहीतरी बिघडलंय. चिंगी १२ किलोची. मावशीला लिटरच्या बाटलीने मोजायला लावलं. चोवीस तासांत दोन संपून तिसरी उघडली. उन्हाळ्याची सूट दिली तरी फार. आणि फरशीवरच्या लघवीला मुंग्या लागायच्या, हे बाईंनी नंतर सहज सांगितलं!

मुतलं तिथे कुत्र्याचं नाक घासायचं, म्हणे मेसेज. त्याने कुत्रं एवढंच शिकतं की माणसासमोर मुतायचं नाही. मग पलंगाखाली जातं. फरशीवर कापूर आणि तिखट भुरभुरायचं? कापूर कुत्र्याला विषारी आहे. पंजा चाटला की पोटात.

"म्हातारपण आहे, इलाज नाही" हा शेवटचा. नसबंदी झालेल्या काही माद्यांची झोपेत लघवी गळते, त्यालाही औषध असतं. आणि नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत भसाभसा पाणी प्यायला लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथे त्याच दिवशी दवाखाना.

बरं, नवं बाळ आलं, घर बदललं, फटाके वाजले तरी कुत्री बिथरून घरात मुततात. नर कोपरे ओले करतात. एवढं त्या मेसेजचं खरं. पण ते ठरवायचं लघवी-रक्त तपासल्यावर.

चिंगीची लघवी मावशीने वरणाच्या जुन्या डावात धरली. साखरच निघाली. आता फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या दोन कुप्या असतात. चिंगीच्या कुपीला लाल दोरा बांधलाय, मावसांची बिनदोऱ्याची.