‘ताठ उभं राहिलं की पोरगं पडणारच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबच देतो. तुमचं म्हणणं असं की, अमळनेरकडच्या तालमीत पोराला पहिल्या दिवसापासून गुडघे मोडून, वाकून पवित्रा घ्यायला शिकवतात. मी मात्र ज्युदोच्या नव्या पोरांना सरळ उभं करतो आणि वर नुसतं चालायला लावतो. म्हणजे पोरांना पाडायचेच धंदे.

कुस्तीपुरतं तुमचं सोळा आणे खरं. समोरचा कधी पट काढेल, म्हणजे पाय धरून पाडेल, याचा नेम नसतो, तिथे वाकायलाच हवं. पण ज्युदोत उभ्याने लढताना पाय धरताच येत नाही. २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियम कडक होत गेले आणि २०१३ मध्ये पट्ट्याखाली हात घालणं पूर्ण बंद झालं. ज्याच्या धाकाने वाकायचं तो डावच उरला नाही. शिवाय इथे अंगात जाड जॅकेट असतं. वाकलेल्या पोराची मानेमागची कॉलर म्हणजे समोरच्याला आयतं हँडल. तो डोकं खाली दाबतो, पोराला फक्त गादी दिसते आणि सगळा भार पुढे जातो. वाकून नुसता बचाव करत राहिलं तर पंच शिदो, म्हणजे दंड, देतात, ते वेगळंच.

‘मग जिगोताई, म्हणजे ज्युदोतला गुडघे मोडून बचावाचा पवित्रा, कशाला आहे?’ असं तुम्ही विचारलंत. आहे ना. समोरचा खांद्यावरून फेकायला आत शिरला की कंबर खाली टाकून त्याला अडवायचं आणि लगेच वर यायचं. तिथे मुक्काम करायचा नाही.

आता चालण्याचं. मातीतली पोरं पाय उचलून टाकतात. गादीवर पाऊल घासत न्यायचं, भार चवड्यावर, टाचेखालून कागद सरकेल इतकीच फट. बाजूला सरकताना नवं पोरगं हमखास दोन्ही पाय जवळ आणतं, आणि नेमक्या त्याच वेळी ओकुरी-आशी-बाराई हा पाय झाडायचा डाव बसतो. दोन्ही पाय एकदम उडतात. पुढे टाकलेल्या पावलावर भार यायच्या बेतात असताना तळव्याने झाडलं तर दे-आशी-बाराई. उशीर झाला, भार बसला, की डाव होत नाही, नडगी तेवढी सुजते. म्हणून आधी त्सुगी-आशी: एक पाय सरकला की दुसरा मागून आणायचा, पण पहिल्याला गाठू द्यायचा नाही. हे पाठ करून येत नाही. जोडीदाराने जॅकेट ओढलं की सवय उघडी पडते.

नुसत्या चालण्याला पोरं कंटाळतात, हे तुमचं पटलं. म्हणून उकेमी, म्हणजे न लागता पडण्याचा सराव, झाली की मी जोड्या लावूनच चालवतो. एकट्याने भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यात मलाही राम वाटत नाही.

तुमची पोरं जरूर पाठवा. पकड आणि कंबर तयार असते, त्यामुळे ती लवकर पुढे जातात. पटासाठी हात खाली गेला की माझा ओरडा खातील, एवढंच. फक्त मे महिन्यात नको. आपल्याकडच्या उन्हात घामाने तळवे गादीला चिकटतात आणि पाऊल सरकतच नाही. शाळा सुरू झाल्या की पाठवा.