‘घरं मोडणाऱ्या बायकां’बद्दलच्या मेसेजला उत्तर

तासगावजवळ बेदाण्याच्या शेडवर कामाला जाणाऱ्या माझ्या धाकट्या जावेने परवा एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “ताई, यात खोटं काय आहे?” आमच्या भागातल्या कितीतरी ग्रुपवर तो फिरतोय. म्हणणं असं: महिला दिन हे परदेशी समाजवादी बायकांचं खूळ, त्यांना घरं मोडून पोरं सरकारच्या ताब्यात द्यायची होती, आपल्याकडे असल्या विचारांची गरज कधीच नव्हती, आणि आता कायद्याने सगळं समान झाल्यामुळे ते कालबाह्यही झालेत. जावेला फोनवर सांगितलंच, पण मेसेज जिथे पोचलाय तिथे उत्तरही पोचायला हवं.

महिला दिनाचं मूळ समाजवादीच आहे, ते कुणी लपवलेलं नाही. १९१० साली कोपनहेगनच्या परिषदेत जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठराव मांडला, मुख्य मागणी मताच्या हक्काची होती. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या बायकाही मत देतात.

पोरं हिसकावण्याचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, कारण तो आयांना घाबरवायलाच घातलाय. अलेक्झांड्रा कोलोन्ताय १९१७ च्या क्रांतीनंतर रशियात समाजकल्याण खात्याच्या प्रमुख झाल्या. कुटुंबावरच्या १९२० च्या लेखात त्यांनी याच्या बरोबर उलट लिहिलंय: आईबापांकडून पोरं काढून घ्यायचा आमचा अजिबात विचार नाही, कामकरी आयांनी घाबरू नये. त्यांनी मागितलं काय, तर सार्वजनिक स्वयंपाकघर, धुलाईघर, पाळणाघर. दिवसभर कारखान्यात राबलेल्या बाईने रात्री पुन्हा चूल आणि धुणं एकटीनेच का ओढायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

आता आमच्या जावेचा दिवस बघा. पहाटे पाणी भरायचं, भाकऱ्या, डबे, सासूबाईंची औषधं, मग शेड. तिथे दिवसभर मांडी घालून बेदाणा निवडायचा, काडी वेगळी, डागी माल वेगळा. तान्ही पोरं साडीच्या झोळीत कोपऱ्यात, रडली की एका हाताने झोका द्यायचा. संध्याकाळी घरी आली की परत चूल. दीर मनाने चांगले आहेत, पण स्वतःचं ताट उचलायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही. हे एका घरातलं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बायकांची घरकामाची रोजची सरासरी निघाली २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. तीही फक्त घरात काहीतरी काम करणाऱ्या पुरुषांची. जे काडी हलवत नाहीत, ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. रोजचं पावणेपाच तासांचं बिनपगारी काम ज्या प्रश्नात येतं, तो कालबाह्य कसा?

आणि समान झालं म्हणे! समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला. तरी विरळणीच्या, म्हणजे घडातले जादा मणी काढायच्या दिवसांत आमच्याकडच्या द्राक्षबागेत जा. मांडवाखाली हात वर धरून, मान मोडेस्तोवर घड विरळणाऱ्या बायकांची रोजची मजुरी पुरुषांपेक्षा कमीच, आणि कारण काय, तर बाईचं काम हलकं.

‘आपल्याकडे गरज नव्हती’ हे साताऱ्या-सांगलीत म्हणायला जीभ तरी कशी रेटते? सावित्रीबाई साताऱ्यातल्या नायगावच्या. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली तेव्हा कोलोन्ताय दहा वर्षांची पोर होती. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांची चळवळ १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यातच उभी राहिली, कासेगावच्या इंदूताई पाटणकर त्यात होत्या. त्या बायका आपल्याच घरांतून टाकलेल्या होत्या.

एक गोष्ट मान्य करते. बाई मजुरी कमवायला लागली की सुटेल, असं त्या काळच्या समाजवादी बायकांना वाटायचं, ते खरं ठरलं नाही. खुद्द रशियातही कम्युनिस्ट पक्षाचा महिला विभाग १९३० साली गुंडाळला आणि १९३६ साली गर्भपातावर बंदी आली. जात तर त्यांच्या गणितात नव्हतीच, ते आपल्याला फुले-आंबेडकरांकडूनच शिकावं लागतं. उत्तरं अपुरी होती, पण प्रश्न अजून सुटलेला नाही.

शेडवरच्या बायका आता मालकाकडे पाळणाघर मागणार आहेत. मी त्यांच्यासोबत जाणार आहे. या मागणीला घर मोडणं म्हणायचं असेल, तर पोरं हिसकावा असं कोलोन्ताय यांनी कुठे लिहिलंय ते आधी दाखवा.