आधी हद्द दाखवा, मग आकडे सांगा

महानगरांची कुठलीतरी रँकिंग आली की दोन दिवस नुसता धुरळा उडतो, कोण वर गेलं कोण खाली घसरलं, आणि तिसऱ्या दिवशी सगळे विसरतात. माझा मात्र दरवेळी एकच प्रश्न असतो आणि त्यावरून मित्रांच्या शिव्याही खाल्ल्यात. हे "महानगर" म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत धरलंय?

म्हटलं तर फालतू शंका, पण सगळा खेळ तिथेच आहे. दरडोई जीडीपी घ्या. भागाकारात वर काय, तर त्या भागात तयार झालेलं उत्पन्न. खाली काय, तर त्या भागात राहणारी माणसं. आता समजा एक बाई पहाटे पावणेसहाला घर सोडते, दोन गाड्या बदलून शहराच्या मध्यावर ऑफिसला पोचते, दिवसभर काम आणि रात्री परत बाहेरच्या पट्ट्यात नुसतं झोपायला. तिचं काम मोजलं मध्यभागाच्या खात्यात आणि ती स्वतः मोजली बाहेरच्या पट्ट्यात! म्हणजे मध्यभाग बसल्या जागी श्रीमंत, आणि जिथून ही सगळी माणसं येतात तो भाग कागदावर उगाचच दरिद्री. युरोस्टॅट म्हणजे युरोपियन युनियनचं आकडेवारी कार्यालय, त्यांच्या आकडेवारीत २०१६ साली लंडनच्या मध्यवर्ती पश्चिम भागाचा दरडोई जीडीपी युरोपियन युनियनच्या सरासरीच्या ६११ टक्के निघाला होता. तिथले रहिवासी काही सहापट सुखी नव्हते हो, बाहेरून रोज कामाला येणाऱ्यांचा घाम त्यांच्या नावावर जमा झाला होता, बाकी काय.

यावर ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) आणि युरोपियन युनियनने उपाय काढलाय. ज्या आजूबाजूच्या वस्त्यांमधले किमान १५ टक्के कामकरी मुख्य शहरात कामाला जातात त्या सगळ्या धरून एक प्रदेश मानायचा. चांगलंय, मला पटतं. पण हा झाला माणसांच्या येण्याजाण्याचा हिशोब. कचरा काही पास काढून प्रवास करत नाही ना! तो जातो पार हद्दीपलीकडे, पाणी येतं कुठल्यातरी लांबच्या धरणातून, वीज त्याहून लांबून, आणि ज्या कारखान्याचा धूर नको म्हणून तो बाहेर घालवला त्याचाच माल संध्याकाळी शहरातल्या दुकानात येऊन बसतो. मग अहवालात लिहायला मोकळे की हवा सुधारली.

विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल या पर्यावरण अभ्यासकांनी १९९० च्या दशकात हाच प्रश्न उलटा करून विचारला, की शहर किती जमिनीवर बसलंय ते सोडा, शहर किती जमिनीवर जगतंय ते सांगा. कॅनडातलं व्हँकूव्हर फ्रेझर नदीच्या ज्या खालच्या खोऱ्यात आहे तिथल्या लोकांसाठी त्यांनी हिशोब केला तर लागणारी जमीन त्या खोऱ्याच्या सुमारे १९ पट निघाली. आता या पद्धतीवर टीका भरपूर झालीये, सगळ्या गोष्टी एकरात मोजता येत नाहीत वगैरे, ती मला मान्यही आहे, पण उरलेली १८ खोरी कोणाच्या खात्यात टाकायची ते तरी सांगा.

बरं हद्द नीट आखली तरी पुढची गंमत बेरजेत आहे. ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकून जास्तीचं पेट्रोल जाळलं, जीडीपीत प्लस. त्या धुराने खोकला झाला, डॉक्टरचं बिल, परत प्लस. घरात एअर प्युरिफायर आणला, अजून एक प्लस. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब ज्यांनी उभा केला त्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकन सिनेटला दिलेल्या अहवालात बजावलं होतं की यावरून लोकांचं भलं मोजू नका. ऐकलं कोणी?

मग हुशार लोक म्हणतात ठीक आहे, अर्थव्यवस्था आणि पर्यावरण दोन्हीला मार्क देऊ आणि सरासरी काढू. इथे तर मी हातच जोडतो. समजा कमाईला ९० मार्क आणि हवा-पाण्याला १०, तर साधी सरासरी ५०. दुसऱ्या प्रदेशाला दोन्हीत ५०-५०, त्याचीही सरासरी ५०. दोघं सारखेच म्हणे! एकीकडे नदीचं गटार झालंय तरी सारखेच. यूएनडीपीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने, मानव विकास निर्देशांकात २०१० साली साधी सरासरी टाकून भूमितीय सरासरी (दोन आकडे असतील तर त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) घेतली ती याचसाठी, त्या पद्धतीने ९० आणि १० चे ३० च होतात. एका विषयातले मार्क दुसऱ्यात ढकलून पास होणं अवघड होतं. तरीसुद्धा माझं मत विचाराल तर एकत्र करूच नका, दोन आकडे शेजारी शेजारी छापा. वाचणाऱ्याला दोन आकडे झेपतात हो, रँकिंग छापणाऱ्यालाच झेपत नाहीत.

मला आतापर्यंत आवडलेलं मोजमाप एकच, अमेरिकेतल्या सिएटल शहराचं. तिथे १९९० च्या दशकात नागरिकांनी बसून आपल्या भागाची तब्येत कशावरून ओळखायची ते ठरवलं, आणि त्या यादीत गरिबी, वाहनांची धाव वगैरे नेहमीच्या गोष्टींसोबत एक गोष्ट होती ओढ्यांत परत येणारे जंगली सामन मासे. हा मासा ओढ्यात जन्मतो, समुद्रात जातो, आणि अंडी घालायला पुन्हा त्याच ओढ्यात वर चढत येतो. वरचं जंगल तोडून गाळ आला, रस्त्यावरचं तेल पावसाबरोबर वाहून आलं, सावली गेली म्हणून पाणी तापलं, मध्ये कोणी बांध घातला, कुठल्याही नगरपालिकेत झालेलं असो, सगळं त्याच्या वाटेत येतं. आणि किती परत आले ते बघायला ओढ्याच्या काठाने चालत जाऊन मोजलं तरी चालतं.