आधी म्हातारं लपवा

निधी वळवणं म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या माणसाला शिकवायला नको. दांडेकर समितीनं १९८४ साली आपला विकासाचा अनुशेष मोजून दिला. १९९४ साली तो भरायला वैधानिक विकास मंडळ आलं. ३० एप्रिल २०२० ला त्या मंडळाचीच मुदत संपली. दरम्यान आपल्या वाट्याचा पैसा कुठं कुठं जाऊन आला, त्याचं कीर्तन चहाच्या टपरीवर रोज चालू असतं. २०२५ च्या मे महिन्यात तर सामाजिक न्याय खात्याचे मंत्री, तेही आपल्या छत्रपती संभाजीनगरचेच, आपल्या खात्याचा पैसा लाडक्या बहिणींकडं वळवला म्हणून उघड तक्रार करत होते. तेव्हा 'निधी असा वळवता येत नसतो' असं कुणी सांगायला लागलं तर तो माणूस एक तर बाहेरगावचा आहे, नाही तर त्यानं तुमचा प्रस्ताव वाचलाय.

कारण एक दिशा खरोखरच अशी आहे, की तिकडं निधी वळत नाही. आणि तुम्ही नेमकी तीच धरलीय: गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी खोल्या.

समजा, तुम्ही बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या गावचे सरपंच आहात. दिवाळी झाली की ऊसतोडीला न्यायला मुकादमाचे ट्रॅक्टर येतात, कोयते चढतात. हिशेबाला नवरा-बायको मिळून एक कोयता. तान्हं लेकरू सोबत जातं, शाळेचं लेकरू आजीकडं राहतं. तिथून गुढीपाडव्यापर्यंत गावात असतात ती म्हातारी, लेकरं, कुत्री आणि कुलपं. लेकाच्या घरकुलाला कुलूप असतं, आत त्याची टीव्ही-पेटी असते, आणि आई बाजूच्या पडक्या माळवदात असते. तुम्ही एक दिवस हिंडून मोजलं, तर एकटी राहणारी बावीस माणसं निघाली. त्यातली एक म्हणाली, "मपलं काय नाय बाबा, वरून गळायलंय तेवढं बघ." तुम्ही वर बघितलं. ती चूक झाली. सरपंचानं वर बघायचं असतं ते मुंबईच्या दिशेनं.

आता तुमच्या डोक्यात असं आहे, की वेशीवरच्या स्वागत कमानीला मंजूर झालेले पंचवीस लाख शाळेमागच्या मोकळ्या जागेकडं वळवावेत. तिथं एकेक खोली, पुढं ओटा, प्रत्येकाला स्वतःची चूल आणि स्वतःचं कुलूप. भाडं शंभर रुपये, श्रावणबाळ पेन्शनच्या पंधराशेतून. विचार चांगलाय. म्हणूनच तो होणार नाही. पण हट्टच असेल तर जाणत्या माणसाचं थोडं ऐका.

सगळ्यात आधी म्हातारं लपवा. प्रस्तावात 'वृद्ध' हा शब्द आला, की फाईल वाचणाऱ्याला लगेच तीन गोष्टी आठवतात: समाजकल्याण खातं, वृद्धाश्रम आणि 'हे आपल्याकडं येत नाही'. तुम्ही किती सांगितलं, की हा आश्रम नाही, कुणाला आणून टाकायचं नाही, आहेत तीच माणसं आहेत त्याच गावात नीट राहणारेत, तरी पुढचा माणूस मान हलवून म्हणेल, "चांगलंय हो, पण वृद्धाश्रमाला १९९५ पासून मातोश्री योजना आहे ना!" आहे. तुमच्या गावापासून ती किती लांब आहे, ते विचारू नका. एसटी बंद पडते मध्ये.

मग काय लिहायचं? 'बहुउद्देशीय सभामंडप' लिहा. सभामंडपाला महाराष्ट्रात कुणी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. आत भिंती घातल्या की खोल्या होतात. दारांना 'साहित्य कक्ष क्रमांक एक ते वीस' म्हणा. साहित्य रात्री खोकतं, एवढं फक्त तपासणीच्या दिवशी सांभाळायचं.

लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठल्या सरकारी खात्यावर टाकायचा, हे दुसरं दुखणं. ग्रामविकासाचं २५१५ तुम्हाला माहीतच आहे. गावात त्याला कुणी लेखाशीर्ष म्हणत नाही, भावकीतल्या माणसाचं नाव घ्यावं तसं 'पंचवीस-पंधरा' म्हणतात. पंचवीस-पंधरातून रस्ता होतो, गटार होतं, मंडप होतो, पेव्हर ब्लॉक तर इतके होतात की काही गावांत जमीन बघायला शेतात जावं लागतं. वित्त आयोगाकडं वळू नका. पंधराव्या आयोगानं साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून ठेवले होते, आणि उरलेल्या चाळीसवर आधीच सगळ्या सदस्यांची नजर होती. जिल्हा नियोजनात मात्र एक जनसुविधेचं अनुदान असतं. त्यात तुमच्या या बावीस माणसांसाठी चक्क तरतूद आहे. पत्र्याचं पक्कं शेड, सिमेंटचा ओटा, तिथपर्यंत जायला रस्ता, भोवती कुंपण. फक्त ते सगळं स्मशानभूमीत.

यात हसण्यासारखं काही नाही. शासनाचा हिशेब सरळ आहे. मेलेला माणूस सार्वजनिक असतो, जिवंत म्हातारा खाजगी. खाजगी माणसाला घर हवं असेल तर घरकुल आहे: २६९ चौरस फूट, मूळ अनुदान १ लाख २० हजार. त्यासाठी नावावर जागा लागते, आणि बापानं जागा वाटणीपत्र करून केव्हाच पोरांच्या नावावर केलेली असते. नाव 'ड' यादीत, म्हणजे घरकुलाच्या प्रतीक्षायादीत, लागतं, आणि यादीच्या वेळी म्हातारा लेकाच्या रेशनकार्डावर होता. लेकाला घरकुल मिळालं म्हणजे कुटुंबाला मिळालं. कुटुंबानं त्याला कुलूप लावलं आणि कुटुंब कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलं.

आईचं तर आणखी मौजेचं आहे. लाडकी बहीण होण्याचं वय २१ ते ६५, आणि घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत असलं तरी ती गरीबच. पासष्टी ओलांडली की तिनं श्रावणबाळकडं जायचं. पैसे तेवढेच, पंधराशे, पण तिथं उत्पन्नाची मर्यादा २१ हजार. एका वाढदिवसात बाई इतकी श्रीमंत झाल्याचं उदाहरण जगात दुसरीकडं नसेल. शिवाय दरसाल हयातीचा दाखला. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, कारण रेघा खुरप्यानं खाल्ल्या. तेव्हा आपण जिवंत आहोत हे आधी तहसीलला आणि मग मशीनला पटवून उरलेल्या वेळात ती नातवंडं सांभाळते.

जागेचं सांगायचं राहिलं. शाळेमागची ती जागा दहा वर्षं मोकळी आहे. तिथं उकिरडा आहे, बाभळी आहेत, कुणाची तक्रार नाही. खोल्यांचं नाव काढलं, की त्याच दिवशी ती गायरान निघेल, दोन दिवसांनी इनाम निघेल, आठवडाभरात कुणी तरी निजामाच्या काळातला कागद घेऊन येईल. आमच्याकडं जमिनीला जितके जुने मालक आहेत तितकी माती नाही. यावर उपाय एकच: आधी तिथं एक चौथरा बांधून भगवा लावा. सहा महिन्यांत त्या जागेचा वाद काढायची कुणाची हिंमत राहणार नाही. मात्र त्यानंतर तिथं खोल्या बांधायची हिंमत तुमचीही राहणार नाही, ही या उपायातली एक बारीक अडचण आहे.

गावकरी विचारतील, इतकी वर्षं नव्हतं ते आताच काय? त्यांना सांगा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर-धाराशिवची बावन्न गावं आख्खी उचलून दुसरीकडं बसवली याच सरकारी यंत्रणेनं. बावन्न गावं हलवणाऱ्या यंत्रणेला एक लेखाशीर्ष हलवायला जमत नसेल असं कसं म्हणता? (हे ग्रामसभेतच बोला. साहेबांच्या केबिनमध्ये बोललात, तर पुढच्या भूकंपापर्यंत थांबायला सांगतील.)

ग्रामसभेत संस्कृती बाहेर निघेल, याची तयारी ठेवा. "आमच्या आईबापाला आम्ही सांभाळत नाही का? गावाची अब्रू घालवता का?" हे ज्याच्या तोंडून सगळ्यात मोठ्यानं येईल, त्याची आई सहसा सभेला नसते, ती हंडा घेऊन बोअरवर असते. त्याला कायदा सांगू नका. २००७ चा कायदा आहे, आईबापांना महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते, हे खरंय. पण मुकादमाची उचल फेडायला थंडीत ऊस तोडणाऱ्या पोरावर केस करायला कोणती आई प्रांताकडं जाते? त्याच कायद्याचं एकोणिसावं कलम म्हणतं, की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांना पुरेल असं निवासस्थान उभारू शकेल. 'शकेल'. मराठवाड्याचे आठ जिल्हे धरले तर बाराशे खाटा त्या एका क्रियापदावर टांगून आहेत. मराठीचे मास्तर शक्यार्थ शिकवायला उदाहरण शोधत असतात, त्यांना हे द्या.

आराखडा काढताना फार अभ्यास करू नका. बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या महारेरानं २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिलेत: दार ९०० मिलिमीटर रुंद, चाकाची खुर्ची फिरेल अशी जागा, न घसरणारी फरशी, न्हाणीत धरायला दांड्या. नियम उत्तम आहेत, पण ते बिल्डरच्या प्रकल्पाला. तुमच्या इंजिनिअरला हे दाखवलंत तर तो म्हणेल, "सरपंच, हे डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरपत्रकात, बसत नाही." बसत नसेल तर दांडी तुम्हीच बसवा. एक पाइप, दोन क्लॅम्प, गावचा वेल्डर. एवढ्या एका दांडीनं किती खुब्याची हाडं वाचतात, ते हाडाच्या डॉक्टरला विचारू नका, त्याच्या पोटावर येतं.

आता खरं कारण. तुमचा प्रस्ताव अडेल तो नियमावर नाही, ठेकेदारावर. कमान बघा. दोन खांब, वर आडवं, त्यावर नाव. तिला दार नाही, खिडकी नाही, आत कुणी राहात नाही, त्यामुळं गळत असली तरी कळत नाही. सरकारी बांधकामाचं हे पूर्णरूप आहे. त्यात सगळ्यांचं नीट भागतं, आणि कुणाकुणाचं ते मी लिहीत नाही. उलट म्हाताऱ्यांच्या खोल्या म्हणजे ठेकेदाराला शिक्षाच. ज्यांना त्यात राहायचंय ती बावीस माणसं सकाळी सातला येऊन समोर बसतील. त्यांना दुसरं काम नाही. त्यातल्या निम्म्यांनी दुष्काळात रोजगार हमीवर तलाव खोदलेत, खडी फोडलीय. वाळूत माती किती आणि पोत्यात सिमेंट किती, हे ते दुरून वासावर सांगतात. "आरं लेकरा, पाणी कुठं मारलंस? इटा तशाच कोरड्या लावायलास!" असं दिवसातून चाळीस वेळा ऐकून घ्यायला कोणता ठेकेदार टेंडर भरेल? थर्ड पार्टी ऑडिट परवडलं.

म्हणून भूमिपूजनापर्यंत खरे लाभार्थी समोर आणू नका. आणलेच तर फेटे बांधून आणा, म्हणजे ते सत्काराला आलेत असं वाटेल.

वेळेचं गणित तेवढं सांभाळा. एप्रिल ते डिसेंबर कुणी काही वळवत नाही. जानेवारीत बचत दिसायला लागते, फेब्रुवारीत पुनर्विनियोजनाचे प्रस्ताव मागवतात, आणि ३१ मार्चला रात्री कोषागारात दिवे चालू असतात, तेव्हा कुठलाही पैसा कुठंही जाऊ शकतो. त्या रात्री तुमची फाईल वर हवी. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, सातबारा, ग्रामसभेचा ठराव, जागेचा फोटो, सगळं तीन प्रतींत. फोटोत म्हातारी येऊ देऊ नका. कमानीवाल्यांना नाराज करायचं नसेल, तर दर्शनी भिंतीवर त्यांच्या मातोश्रींचं नाव पाच फुटी अक्षरांत टाकायची तयारी आत्ताच कळवा. निधी वळायला त्याच्यासारखं वंगण नाही.

आणि लाभार्थ्यांची यादी जोडताना हात आखडू नका. खोल्या वीस असतील तर नावं तीस द्या. प्रशासकीय मान्यता, मग टेंडर, मग कार्यारंभ आदेश, मग वाळू मिळत नाही म्हणून मुदतवाढ, असं करत चावी हातात येईपर्यंत यादी आपोआप वीसवर येते. उरलेल्या दहांची काळजी नको. त्यांचं जनसुविधेत बसतं.