‘निगेटिव्ह’ आला, मग गाठ कशी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

लघवीतल्या पेशींच्या तपासणीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : वडिलांचा सायटॉलॉजीचा, म्हणजे याच तपासणीचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणून दोन महिने निवांत राहिलो, आणि मग दुर्बिणीत मूत्राशयात गाठ निघाली, असल्या टेस्टचं कौतुक कशाला? राग रास्त आहे. ‘दुर्बिणीशिवाय निदान’ हे माझं वाक्य चुकलंच. आज काढून टाकलं.

पण टेस्ट फुकाची, हे मात्र पटत नाही. बायोप्सीत ‘लो ग्रेड’ (कमी आक्रमक कॅन्सर) आलं, असं तुम्हीच म्हणता. गोम तिथंच आहे. लो ग्रेड गाठीच्या पेशी दिसायला जवळपास निरोगी पेशींसारख्याच. स्लाइडवर त्या वेगळ्या काढणं मलाही बहुतेक वेळा जमत नाही. हाय ग्रेडच्या, म्हणजे जास्त आक्रमक कॅन्सरच्या, पेशींची तऱ्हा निराळी. त्या एकमेकींना धरून राहत नाहीत, लघवीत सुट्ट्या पडतात. केंद्रक फुगून पेशीचा ७० टक्के भाग व्यापतं, कडा वेड्यावाकड्या, रंग शाईसारखा काळा. अशा पाच-दहा दिसल्या की मी खुर्ची पुढे ओढतो. काही हाय ग्रेड गाठी तर सपाट असतात, दुर्बिणीतून नुसता लालसर डाग, कधी तोही नाही. तिथं लघवीतल्या पेशीच चुगली करतात.

म्हणूनच या तपासणीचे रिपोर्ट लिहिण्याच्या २०१६ पासूनच्या पॅरिस पद्धतीत ‘हाय ग्रेडसाठी निगेटिव्ह’ असं लिहितात. घरी पोचेपर्यंत त्यातला ‘निगेटिव्ह’ तेवढा उरतो. दोष आमचाही, नीट समजावून कोण सांगतो?

नमुना कधीचा दिला होता? पहाटेची पहिली लघवी नको. रात्रभर साचून पेशी खराब होतात. त्यानंतरची, ताजी हवी. माझ्या उमेदवारीत एक बाटली भर उन्हात दोन तास स्कूटरच्या डिकीत राहिली. स्लाइडवर निव्वळ चिखल.

खरी चूक वेगळीच झाली, असं मला वाटतं. वडील पासष्टीचे, चाळीस वर्षं विडी, लघवीतून रक्त जातंय, पण दुखत काहीच नाही. अशा माणसाची दुर्बीण लघवीच्या रिपोर्टसाठी अडवायचीच नसते. निगेटिव्ह आला तरी करायची.

लो ग्रेड गाठ काढली तरी पुन्हा उगवायची खोड असते तिला. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करतात. वडिलांसाठी तिची तारीख घेतलीत का?